कवडीला घोडा कळत नाही

रामदरी संस्थानात घोड्यांवर तापाची साथ आली. अश्ववैद्य धुंडिराजशास्त्रींनी थोरल्या पागेत फिरून, डोळे-जबडे तपासून बारा घोडे आपल्या औषधासाठी निवडले. उरलेले बारा मोतद्दार सटवाजीच्या वाट्याला आले. त्याच्यापाशी पाणी आणि कोवळं गवत एवढंच होतं. शास्त्रींचे अकरा घोडे वाचले, सटवाजीचे चारच.

"सरकार, याचा हातच अपशकुनी," शास्त्री भर दरबारात म्हणाले. "याला पागेतून काढा."

तीस वर्षं पागेत घालवलेल्या सटवाजीनं मुजरा केला. "सरकार, साथ आता धाकट्या पागेत शिरलीय. तिथंही चोवीस घोडे तापलेत. दोन-दोन समोर आणा अन् कवडी टाका. उताणी पडली तर डावा घोडा शास्त्रीबुवांचा, पालथी पडली तर उजवा. राहील तो माझा. मग माझेच जास्त मेले, तर मी आपणहून जातो."

शास्त्री उसळले. "शास्त्राचा निवाडा कवडीवर? कवडीला घोड्यातलं काय कळतं?"

"काहीच कळत नाही, शास्त्रीबुवा. तुम्हाला मात्र फार कळतं. म्हणून तर मरायला टेकलेला घोडा नेमका माझ्याकडे येतो."

राजेसाहेबांनी कवडी मागवली.

दहाव्या दिवशी शास्त्रींचे सात घोडे उभे होते आणि सटवाजीचेही सातच. सटवाजीची चाकरी राहिली.

"या खेपेला औषध जरा पातळ झालं होतं," शास्त्री पुटपुटले.

"मग घट्ट करून आणा," राजेसाहेब म्हणाले. "कवडी इथंच आहे."