टायपिंगचा कॉम्प्युटर

सांगलीचे कॉम्प्युटरवाले भुरकेशेठ गिऱ्हाइकाकडे न बघताच त्याचा खिसा जोखायचे. रेवतीने गेम खेळायला कॉम्प्युटर मागितला, बजेट सांगितलं. काउंटरवरच्या स्क्रीनवरून नजर न हलवता शेठ म्हणाले, "एवढ्यात टायपिंगपुरता येईल, ताई. गेम खेळायचा तर तिप्पट मोजा."

रेवतीने वाकून पाहिलं, तर स्क्रीनवर शेठची रेसची गाडी सुसाट पळत होती.

"शेठ, हा कॉम्प्युटर कशासाठी ठेवलाय?"

"हा होय? बिलं टाइप करायला. जुनाच आहे," शेठ खेळाच्या नादात बोलून गेले.

"मग मला टायपिंगचाच द्या, अगदी असाच," रेवती म्हणाली. "मलाही एवढंच टायपिंग करायचंय."

शेठची गाडी कठड्यावर आदळली, आणि ते तिच्या बजेटात तसाच कॉम्प्युटर काढायला उठले.