मिटकीचा किडा काठावर गेला

आटपाट पाणी होतं. नगर व्हायचं होतं अजून.

पाण्यात मिटकी मासोळी राहायची. तिला सापडला एक किडा. मिटकीनं तोंड उघडलं. आऽऽ! किड्यानं उडी मारली. टुण्ण! गेला काठावर, चिखलापलीकडे.

"ए, माझा नाश्ता!"

किडा म्हणाला, "ये की मग."

मिटकी चिखलाकडे गेली. सुळुक सुळुक.

"चिखला चिखला, वाट दे. माझा किडा मिळेना."

चिखल म्हणाला, "पाय आहेत? नाहीत. मग नाही देत. बुळुक."

मिटकी पराकडे गेली. पर म्हणजे माशाचं वल्हं. लांब नव्हता. तिलाच चिकटलेला होता.

"परा परा, पाय हो. चिखल वाट देईना. माझा किडा मिळेना."

पर म्हणाला, "कसा होऊ? आतलं हाड बघ, काडीएवढं. ते जाड झालं तर होईन."

मिटकी हाडाकडे गेली. सुळुक सुळुक. म्हणजे तिथेच राहिली.

"हाडा हाडा, जाड हो. पर पाय होईना. चिखल वाट देईना. माझा किडा मिळेना."

हाड म्हणालं, "मी आहे तस्सं राहणार. अंड्यांना विचार. एखाद्यात जाड हाड निघेल."

मिटकी अंड्यांकडे गेली. सुळुक सुळुक.

"अंड्यांनो अंड्यांनो, फुटा. हाड जाड होईना. पर पाय होईना. चिखल वाट देईना. माझा किडा मिळेना."

अंडी म्हणाली, "गार आहे गं आई. सूर्य उगवला की फुटू."

मिटकीनं डोकं वर काढलं. बुडुक!

"सूर्या सूर्या, उगव. अंडी फुटेनात. हाड जाड होईना. पर पाय होईना. चिखल वाट देईना. माझा किडा मिळेना."

सूर्य म्हणाला, "उगवतो. मला तेवढंच काम आहे."

सूर्य उगवला. अंडी फुटली. फट् फट् फट्! पिल्लंच पिल्लं.

मिटकीनं सगळ्यांना सांगितलं, "काठावर आपला किडा आहे. विसरायचं नाही."

एका पिल्लाचं हाड इत्तुसं जाड होतं. ते काठाजवळ पोचलं. त्याला खाऊ जास्त मिळाला. त्याला पिल्लंही जास्त झाली. पुष्कळांची हाडं जाड. त्यांनाही सांगितलं, "काठावर आपला किडा आहे. विसरायचं नाही."

सूर्य उगवला. परत उगवला. परत उगवला. कोटी कोटी वर्षं उगवला.

हाड जाड झालं. पर पाय झाला. चिखलानं वाट दिली. थप थप थप! मिटकीच्या नातीच्या नातीच्या नातीची नात काठावर आली.

तिथे एक किडा बसलेला.

"आमचा नाश्ता!"

"अहो, ते माझ्या आजोबांच्या आजोबांचे आजोबा!"

"चालेल," नात म्हणाली.

गट्टम्.

मग तिला पिल्लं झाली. त्यांना पिल्लं झाली. कुणाला पंख आले, कुणाला सोंड आली. एक पिल्लू तर आत्ता मांडीवर बसून गोष्ट ऐकतंय.

बघू हात. आत हाड लागतंय? मिटकीकडून आलंय.

आणि काठावर किडा दिसला, तर राहू दे. आपला खाऊन झालाय.

कोटी वर्षांची गोष्ट एका घासात संपूर्ण.