माशीच्या लेकरांचं जेवण

तापातून उठलेल्या राजकन्येच्या अंगात बळच येईना. ते ऐकून डोंगरात मध काढणारी सोमी द्रोणभर पिवळा पराग घेऊन दरबारात आली.

राजवैद्य खो खो हसले. "महाराज, ही तर फुलांवरची धूळ! मी रोज उत्तम मध देतोच आहे. या बाईला हाकलून द्या."

राजाने सोमीकडे पाहिलं.

ती शांतपणे म्हणाली, "वैद्यबुवा, माशीच्या घरात मधाला काही तोटा नसतो. तरी पिल्लांना ती मधात ही धूळ कालवूनच भरवते. स्वतःच्या लेकरांना कुणी केर भरवतं का?"

राणीने हसून द्रोण स्वतःच्या हातात घेतला.

दोन महिन्यांत राजकन्या बागेत धावू लागली. तेव्हा राजवैद्यांनी सोमीला हळूच गाठलं. "माझ्या नातीसाठीही आणशील का गं थोडा?"