उपास मोडल्याची साक्ष

एकदा एका खेड्यातल्या ख्रिस्ती मंडळीत तबिथा नावाची एक तरुण मुलगी साक्ष द्यायला उभी राहिली, आणि नुसतीच उभी राहिली. त्या मंडळीची रीत अशी, की पहिल्यांदा प्रभुभोजनाची पवित्र भाकरी घेण्यापूर्वी प्रत्येकाने सर्वांसमक्ष सांगावे, देवाची कृपा आपल्याला कुठे भेटली. तिच्या आधी एकाने विहिरीत पडून वाचल्याचे सांगितले, दुसऱ्याने दारू सुटल्याचे. लोकांनी डोळे पुसले. तबिथाला मात्र सांगण्यासारखे काही आठवेना. पाळकसाहेब म्हणाले, "बस, बाळ. पुढच्या रविवारी सांग." बायकांत खसखस पिकली, ती तिने ऐकली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती म्हाताऱ्या बायबलबाईकडे गेली. ही बाई घरोघर जाऊन शास्त्र वाचून दाखवी, आणि तबिथा तिच्याच हाताखाली शिकत होती.

"मावशी, माझ्यावर कृपा झालेलीच नाही वाटतं. मी कधी उपासना चुकवली नाही, कधी खोटं बोलले नाही. मला साधा टायफॉईडसुद्धा झाला नाही! सांगू काय?"

"दुसऱ्याचा टायफॉईड उसना घे," म्हातारी म्हणाली.

"थट्टा नका करू. आजपासून मी उपास धरलाय. देव काहीतरी दाखवेलच."

म्हातारीने तिला आपादमस्तक न्याहाळले. "बरं. माझी पिशवी उचल. भेटींना जायचंय."

ऊन चढले तशी तबिथाच्या डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, पण तिला त्याचे समाधानच वाटत होते. मग म्हातारी एका बोळात वळली, आणि तबिथा मागे रेंगाळली. त्या बोळात शलोमीचे घर होते.

गेल्या वर्षी शलोमीच्या तान्ह्या मुलीचा ताप उतरेना, तेव्हा तिने कुणा देवऋष्याकडून गंडा आणून लेकराच्या दंडाला बांधला होता. तबिथाने तो पाहिला आणि बायकांच्या सभेत सांगितला. जे पाहिले तेच सांगितले, पदरचे काही घातले नाही. मंडळीने शलोमीला प्रभुभोजनाची बंदी केली. तेव्हापासून शलोमी शेवटच्या बाकावर बसे आणि भाकरीचे ताट निघाले की उठून जाई. बंदी घालायला दहा तोंडे पुढे आली होती; ती उठवायची आठवण वर्षभरात एकालाही झाली नाही.

म्हातारी घरात शिरली, दोन शब्दांची प्रार्थना केली आणि म्हणाली, "शलोमी, ही पोर सकाळपासून उपाशी आहे. वाढ हिला."

तबिथाला वाटले, आपल्या कानांत काही बिघाड झाला.

शलोमीने चुलीकडे पाहिले, मग तिच्याकडे. "माझ्या हातचं चालेल का बाईसाहेबांना? गंडा बांधलेले हात आहेत हे. का हेही सभेत सांगायचंय?"

"मावशी, माझा उपास..."

"पाटावर बस," म्हातारी म्हणाली.

शलोमीने पीठ मळले. ती भाकरी थापू लागली. थापण्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. तबिथाने संकोचाने टोपल्यातल्या भाकरीला हात लावला, तशी शलोमी खेकसली, "ती नको, सकाळची आहे. थांब जरा." आणि तव्यावरची फुगलेली भाकरी तिच्या ताटात टाकली. वर पिठले वाढले. मग पदराने माशा वारत शेजारी बसून राहिली. तबिथाने पहिला घास हातातच धरून ठेवला. पण भूक तिच्याहून खरी निघाली. तिने मान खाली घालून सगळे खाल्ले.

बाहेर आल्यावर ती रडकुंडीला आली. "मावशी, तुम्ही माझा उपास मोडलात! आणि तोही तिच्या घरी?"

म्हातारी बाभळीच्या सावलीत टेकली. "उपास कुठला तो? सौदा होता. मी पोट रिकामं ठेवते, देवा, तू साक्ष टाक. तो मी मोडला. आता सांग, ती भाकरी तुला कोणत्या पुण्याईनं मिळाली?"

"कसल्याच नाही. तिनं तर मला उंबऱ्यावरूनच हाकलायला हवं होतं."

"मग वाढली का?"

"मला नाही कळत!"

"मलाही नाही कळत. इतकी वर्षं मी लोकांना कृपा समजावते, शास्त्रातली वचनं मला तोंडपाठ आहेत. पण ज्याचं आपण वाईट केलं तोच ऊन भाकरी वाढतो, तेव्हा मी अजूनही गोंधळते. आणि गोंधळावंच माणसानं. न गोंधळता गिळली, तर नुसतं पोट भरतं."

"मी खरं तेच सांगितलं होतं, मावशी."

"हो ना. आणि लेकराचा ताप उतरला का, ते विचारलं होतंस?"

तबिथाने विचारले नव्हते.

आठवडाभर ती गोंधळलेलीच राहिली. रविवारी उभी राहिली तेव्हाही काही पाठ केलेले नव्हते.

"शलोमीवहिनीचं नाव सभेत मी सांगितलं होतं. सोमवारी मी उपाशी होते, तिनं मला जेवू घातलं. माशा वारल्या. का, ते मला कळलेलं नाही. एवढीच साक्ष."

कोणी डोळे पुसले नाहीत. पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. "पण बाळ, यात कृपा...?"

"मला वाटतं हीच, साहेब. पण नीट कळली नाही."

पाळकांनी बायबलबाईकडे पाहिले. तिने डोळे मिटले होते. प्रार्थनेसाठी की काणाडोळा करायला, देव जाणे. शेवटी ते म्हणाले, "बरं. मंडळी तुला स्वीकारते. पुढे ये."

भाकरीचे ताट निघाले. शलोमी रीतीप्रमाणे उठली. तबिथा पुढे जायची ती मागे वळली आणि तिने शलोमीचा पदर धरला.

"वहिनी, बसा. मी इथंच बसते."

"डोकं फिरलंय का तुझं? सगळे बघतायत."

"फिरलंय. बसा."

पाळक ताट घेऊन वेदीपाशी थांबले. मागून कोणी येईना. मग ते पायरी उतरले, मधल्या वाटेने मंडळीच्या पुढाऱ्यांच्या रांगा ओलांडून शेवटच्या बाकापर्यंत चालत आले आणि त्यांनी ताट पुढे केले. दोघींपैकी कुणापुढे, हे शेजारच्या बाकावरच्यांनाही नक्की सांगता आले नाही. शलोमीने एकदा दाराकडे पाहिले. मग दोघींनी हात पसरले.