बिनफळाची फुलं

फार वर्षांमागं, म्हणजे तेव्हाच्या पायवाटासुद्धा आता बुजून गेल्या असतील इतक्या मागं, एका मोठ्या नदीच्या काठी एक गाव होतं. गावाला शेत असं नव्हतंच. दिवाळी सरली की नदीचं पाणी ओसरायचं, पांढरी वाळू उघडी पडायची, आणि त्या वाळूत गावकरी डांगराचे वेल लावायचे. डांगर म्हणजे आपला लाल भोपळा, बरं का. उन्हाळ्यात डांगरं पिकायची आणि माळ्यावर जाऊन बसायची. मग पावसाळ्यात नदी दारापर्यंत आली की चार महिने गाव त्यांच्यावरच जगायचं.

वाळूला काही बांध घालता येत नाही. म्हणून गावचा कारभारी दर साली काठीनं रेघा ओढून एकेका घराला एकेक पट्टा द्यायचा. कुणी गावाचं मोठं वाईट केलं, तर कारभारी पायानं त्याची रेघ पुसून टाकायचा. रेघ पुसली की पट्टा गेला, आणि पट्टा गेला की पावसाळ्याचं अन्न गेलं.

हा कारभारी माणूस भला होता. कष्टाळू होता. पण एक खोड होती त्याला. रिकामं बसलेलं काही बघवायचं नाही. बैल रवंथ करत बसला तरी म्हणायचा, "ह्याला काही कामधंदा नाही का?"

एका साली वेल फुलांवर आले, तेव्हा कारभारी खाली वाकून एकेक फूल बघत बसला. बघता बघता त्याला दिसलं की फुलं दोन जातींची आहेत. काही फुलांच्या बुडाशी सुपारीएवढं डांगर आधीपासूनच असतं. बाकीची नुसतीच लांब देठावर उभी. सकाळी उमलतात, पोटातली पिवळी भुकटी दाखवतात आणि दुपारी सुकून जातात. त्यांना फळ म्हणून धरत नाही. आणि मोजायला गेलं तर हीच फुलं जास्त.

कारभाऱ्यानं गाव जमवलं आणि म्हणाला, "ही बिनफळाची फुलं फुकटचा रस पितात. उद्यापासून उमलायच्या आत, कळ्यांसकट सगळी खुडा. मग बघा, डांगरं कशी हंड्याएवढी होतात."

लोकांना पटलं. पहाटे पहाटे सगळे टोपल्या घेऊन वाळूत उतरू लागले. घरोघरी फुलांची भजी होऊ लागली, फुलांची भाजी होऊ लागली. पोरं खूश. वाळू कशी हिरवी, नीटनेटकी दिसू लागली.

एक म्हातारी तेवढी राहिली. तिचा पट्टा पार मधोमध होता. तिची कंबर वाकत नव्हती, म्हणून फुलं खुडणं तिला जमायचं नाही. ती आपली सकाळी येऊन वेलाजवळ बसायची आणि ऊन चढलं की घरी जायची.

पंधरा दिवस गेले. बुडाशी सुपारीएवढी दिसणारी डांगरं मोठी होईनात. पिवळी पडायची, मऊ व्हायची आणि गळून जायची. लोकांनी पाणी वाढवलं, खत वाढवलं. तरी गळायचीच.

एक बाई कारभाऱ्याला म्हणाली, "कारभारी, भजी खाऊन खाऊन पोरांची तोंडं पिवळी झाली. आता डांगर कधी दाखवता?"

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "म्हातारीच्या पट्ट्यात मात्र धरलीत. आणि तिच्या रेघेला लागून ज्यांचे वेल आहेत, त्यांच्यातही चारदोन धरलीत. रोज सकाळी बसून करते काय ती?"

झालं. जो तो बोलू लागला. म्हातारीनं काही करणी केली, वाळूचा कस आपल्याकडं ओढून घेतला. गावानं ठरवलं की तिची रेघ पुसायची. कारभारीही हो म्हणाला. त्याला वाटलं, दोष म्हातारीचा निघाला तर आपला राहणार नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो रेघ पुसायला गेला. म्हातारी आधीच येऊन बसली होती.

"आजी, तुमची रेघ पुसायचं ठरलंय," तो म्हणाला.

"पुस बाबा. तुझी काठी, तुझी रेघ. पण एवढ्या माशीचं होऊ दे. ती मधेच उठत नाही."

कारभाऱ्यानं पाहिलं. एक मधमाशी बिनफळाच्या फुलात शिरून लोळत होती. अंगभर पिवळी होऊन बाहेर आली, आणि शेजारच्या फळाच्या फुलात शिरली. तिथं थोडी भुकटी सांडली आणि निघाली.

कारभारी तिला म्हणाला, "माशीबाई, आमच्याकडंही फळाची फुलं आहेत की. तिकडं का नाही येत?"

माशी म्हणाली, "येत होते. पण रिकाम्या हातानं किती दिवस येऊ? एका घरचं पीठ दुसऱ्या घरी पोचवते मी. ते पोचलं तर फळ जीव धरतं, नाही तर गळतं. तुम्ही पिठाची घरंच खुडलीत. इथून नेते ते शेजारच्या दोनचार वेलांना पुरतं, पुढं संपतं."

कारभाऱ्यानं रेघ तशीच राहू दिली. मग तो गावात गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "म्हातारीनं काही केलं नाही. चूक माझी आहे. सांगणारा मी होतो."

आदल्या दिवशी जे मोठ्यानं बोलत होते, ते हळूच मागं सरकले.

म्हातारीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मी तरी कुठली शहाणी? कंबर वाकली असती तर मीही भजीच केली असती. आता तुमच्या वेलांना नवी फुलं यायला चार दिवस लागतील. तोवर माझ्याकडची न्या, आणि माशी करते तसं करा. पण सगळी नेऊ नका, तिलाही राहू द्या."

रोज सकाळी माणसं एकेक फूल मागून नेऊ लागली आणि आपल्या वेलांवरच्या फुलांत हळूच भुकटी टेकवू लागली. डांगरं धरली. पण वाया गेलेले दिवस काही परत आले नाहीत. नदीला पाणी आलं तेव्हा निम्मीच डांगरं पिकली होती. त्या पावसाळ्यात सगळं गाव दिवसातून एकदाच जेवलं, आणि कारभारी आपल्या ताटातलं थोडं रोज म्हातारीकडं पोचवत राहिला.

म्हणून सांगतो, ज्याला स्वतःला फळ येत नाही त्याला निकामी म्हणू नये. दुसऱ्याचं फळ त्याच्यामुळं धरलेलं असतं.