चार बादल्यांचा नेम

जिथून समुद्र गाठायला आगगाडीची एक रात्र आणि बसचा अर्धा दिवस लागे, अशा एका गावात एकदा एक कापडाचा व्यापारी राहत होता. त्याची आई, माई, किनाऱ्यावरची. लग्न होऊन ती या कोरड्या मुलुखात आली, पन्नास वर्षे राहिली, इथली ज्वारीची भाकरी तिने आपली मानली. पण म्हातारपणी कंबरेने दगा दिला, माई अंथरुणाला खिळल्या आणि मग त्यांना राहून राहून खाऱ्या पाण्याची आठवण येऊ लागली. मुलगा आईला समुद्राकडे नेऊ शकत नव्हता. तेव्हा त्याने तिच्या पलंगासमोर चार फुटांची काचेची टाकी बसवून घेतली आणि समुद्रच घरी आणला. त्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली माशांची एक जोडी होती आणि मऊ मऊ बोटांचे एक समुद्रफूल होते. मासे त्या फुलाच्या कुशीत जाऊन झोपत. माई दिवसभर त्यांच्याकडे पाहत, आणि पाहता पाहता जेवत.

ही टाकी मांडून देणारे एक वृद्ध गृहस्थ होते, सगळे त्यांना काका म्हणत. दूरच्या शहरातल्या एका मत्स्यालयात त्यांनी चाळीस वर्षे खाऱ्या पाण्यातले जीव सांभाळले होते. माणूस कमी बोलणारा, पण नजर अशी की पाण्याकडे पाहून मासा जेवला की नाही ते सांगत. व्यापाऱ्याच्या बायकोने, महानंदाने, टाकीची सेवा आपल्याकडे मागून घेतली. काकांनी तिला शिष्या मानले आणि शिकवले:

"खरा समुद्र अफाट आहे, पोरी, त्यात मळ कुठल्या कुठे विरून जातो. हा समुद्र चार फुटांचा. माशांचा मळ इथेच राहतो, आणि पाणी दिसायला मात्र स्वच्छच दिसतं. म्हणून दर आठवड्याला चार बादल्या जुनं पाणी काढायचं, चार बादल्या नवं घालायचं. पाणी शुद्ध हवं, समुद्राचं मीठ त्यात पूर्ण विरलेलं हवं, ऊब टाकीतल्या पाण्याइतकी हवी. एवढं तू कर, बाकीचं मासे आपलं आपण करतील."

महानंदा मोठी श्रद्धाळू. सोळा सोमवार केलेली, चातुर्मासात मीठ सोडणारी. तिने या कामाचाही नेम केला. वार ठरवला गुरुवार. त्या दिवशी पाणी बदलून होईपर्यंत तोंडात काही घालायचे नाही. मिठाचे पोते गच्चीवर, म्हणून पाणी गच्चीवर कालवायचे. ते गार असे, म्हणून उन्हात ठेवायचे. जुने खारे पाणी तुळशीला घालता येत नाही, म्हणून नळीने बादलीत काढून, जिना उतरून मागच्या गटारात ओतायचे. चार बादल्या खाली, चार बादल्या वरून आत, आणि वाटेत सांडलेले पुसून घ्यायचे. दुपार होई. शेजारणी म्हणत, "सासूसाठी एवढं कोण करतं गं!" आणि महानंदाला दमलेल्या अंगातही बरे वाटे. बरे का वाटू नये? करत होती ते चांगलेच करत होती.

पण नेम धरणाऱ्या आपणा बायकांना एक गोष्ट ठाऊक आहे. नेम मोडतो तो कंटाळ्याने फार क्वचित. तो मोडतो पाहुण्यांनी, लग्नकार्यांनी आणि पाठदुखीने. एक गुरुवार नणंदेच्या मुलीच्या केळवणात गेला. पुढचा गेला तेव्हा महानंदाच्या पाठीत उसण भरली होती. तिसऱ्या गुरुवारी घरात अकरा माणसे जेवायला होती. आणि चौथा गेला तो निव्वळ लाजेने. तीन चुकले, आता कोणत्या तोंडाने बादली उचलू, असे तिला वाटत राहिले.

पाचव्या आठवड्यात समुद्रफूल मुठीसारखे मिटले. जोडीतला एक मासा कोपऱ्यात तळाशी पडून भराभर श्वास घेऊ लागला. माईंनी दोन दिवस अर्धे ताट परत पाठवले.

"माई, भात गरम आहे, दोन घास तरी."

"आधी त्याचं बघ," माई कोपऱ्याकडे बोट करून म्हणाल्या. "तो जेवला की मी जेवेन."

महानंदाला रात्रभर झोप लागली नाही. गुरुवारी पहाटे तिने प्रायश्चित्त ठरवले. पाण्याचा थेंबही न घेता आज टाकीतले सगळे पाणी बदलायचे, वीसच्या वीस बादल्या. हे व्यापाऱ्याने ऐकले. त्याने गुपचूप काकांना फोन केला.

काका आले तेव्हा महानंदा पहिली बादली टाकीशी घेऊन उभी होती. त्यांनी तिच्या हातातली बादली खाली ठेवायला लावली, पाण्यात बोट बुडवले, तळाशी बसलेला मिठाचा रवाळ थर तिला दाखवला.

"गार आहे आणि मीठ विरलेलं नाही. हे आत गेलं असतं तर त्या माशाने संध्याकाळ बघितली नसती."

"पण काका, चार आठवडे चुकलेत. सगळंच बदलायला नको का?"

"चार दिवसांच्या उपाशी माणसाला कुणी श्रीखंडाच्या पंगतीला बसवतं का? आज चार बादल्या. चार दिवसांनी पुन्हा चार. तुझ्या नेहमीच्या रीतीनेच कर." मग ते माईंच्या पलंगाशी स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "मला दोन वाट्या दे. आणि मूठभर चिंचोके."

"चिंचोके?"

"असतील ना घरात?"

महानंदाने काही न कळून दोन वाट्या आणि चिंचोके आणून दिले. काकांनी माईंना भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष ठेवायला सांगितले. दर पाच मिनिटांनी माईंनी "झाली!" म्हणायचे आणि काकांनी एक चिंचोका टाकायचा, कधी या वाटीत, कधी त्या. माईंना हे काम फार आवडले. महानंदा गच्चीवर असली तरी त्यांचा आवाज तिच्या कानांवर येई.

"झाली! भाऊ, टाका."

"टाकला."

"अहो, ती अजून नळीच शोधते आहे. परवा मी बघितली होती न्हाणीघरात. महानंदा! न्हाणीघरात बघ गं!"

मीठ विरेपर्यंत थांबावे लागले. बादल्या उन्हात ठेवाव्या लागल्या. जिन्यात एक हिंदकळली, तेवढे पुसावे लागले. चौथी बादली टाकीत रिती झाली तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. महानंदाने पदराने कपाळ पुसले आणि विचारले, "काका, माझे कष्ट मोजत होतात का?"

"नाही. तुझ्या कष्टांपैकी माशांपर्यंत किती पोचले, ते मोजत होतो."

त्यांनी दोन्ही वाट्या तिच्यापुढे ठेवल्या. एकीत चिंचोके ओसंडत होते. दुसरीत चारच होते.

"पाणी टाकीतून बाहेर पडत होतं किंवा टाकीत येत होतं, तेवढ्या वेळाचे हे चार," काका म्हणाले. "बाकीचे अडतीस म्हणजे जिना, नळी शोधणं, मिठाची वाट पाहणं, ऊन येण्याची वाट पाहणं आणि फरशी पुसणं. माशांना यातलं काही कळत नाही गं. त्यांना एवढंच कळतं, की गुरुवारी ताजं पाणी आलं की नाही आलं."

महानंदाचे डोळे भरून आले. "म्हणजे इतके दिवस मी केलं ते फुकट?"

"फुकट कसं असेल? तुझ्या हातांनीच हे जीव इथवर जगले. तुझ्यासारखी सेवा करणारी माणसं मी मत्स्यालयातसुद्धा थोडी पाहिली. म्हणून तर सांगतोय, नाहीतर चहा पिऊन गेलो असतो."

"पण काका," ती हळूच म्हणाली, "सोपं केलं तर नेम हलका नाही का होत? कष्ट नसतील तर त्याला नेम कशाला म्हणायचं?"

काका म्हणाले, "तू हा नेम शिवलास तो तुझ्या सगळ्यांत धडधाकट दिवसाच्या मापाने. घर रिकामं, पाठ शाबूत, आभाळ निरभ्र, त्या दिवशी तो अंगाला छान बसतो. पाठीत उसण भरली की तोच बसत नाही. मग तू त्याला दोष देत नाहीस, स्वतःला देतेस, आणि एका दिवसात वीस बादल्यांनी फेडायला निघतेस. नेम शिवावा आपल्या सगळ्यांत अशक्त दिवसाच्या मापाने. त्या दिवशी जमला की मग तो कधीच मोडत नाही. देवापुढे दमून उभं राहायची हौस असेल तर त्याला प्रदक्षिणा आहेत. या बिचाऱ्यांना कशाला त्यात ओढायचं?"

माई पलंगावरून खुदकन हसल्या.

घेतला वसा टाकू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. टाकावा लागणार नाही अशी त्याची मांडणी कशी करावी, हे मात्र आपल्याला सहसा कुणी सांगत नाही. महानंदाला ते त्या दुपारी पहिल्यांदा कुणीतरी सांगत होते. तिने डोळे पुसले आणि विचारले, "मग कशी करायची मांडणी?"

"आधी हे सांग, या घरात सगळ्यांत अशक्त कोण?"

व्यापारी दारात उभा होता. महानंदाची आणि त्याची, दोघांचीही नजर नको तिकडे गेलीच.

"माझ्याकडे काय बघताय?" माई फटकन म्हणाल्या. "मी काय आता बादल्या उचलू?"

"माई, बादली यापुढे कुणीच उचलायची नाही," काका म्हणाले.

पुढच्या गुरुवारपर्यंतच्या मधल्या दिवसांत त्यांनी स्वतः उभे राहून सगळे करून घेतले. माईंच्या खोलीला लागून छोटी गॅलरी होती, तिथे झाकणाचे निळे पिंप आले. मिठाचे पोतेही गच्चीवरून तिथेच आले. बुधवारी सकाळी पिंपात चार बादल्या शुद्ध पाणी घ्यायचे. तेही नळीनेच, स्वयंपाकघरातल्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रावरून. त्यात मापाचे मीठ टाकायचे आणि पिंपातला छोटा पंप चालू करायचा. दिवसरात्र पाणी आपले आपण घुसळले जाई, आणि तळाशी ठेवलेला हिटर त्याला टाकीइतके कोमट ठेवी. गुरुवारी खारेपणा मोजायची काचेची कांडी फक्त बुडवून पाहायची. जुने पाणी काढण्यासाठी टाकीच्या कडेला एक नळी कायमची बसवली. तिचे तोंड पाण्याच्या पातळीखाली बरोबर तेवढ्याच खोलीवर, जिथे चार बादल्या संपतात. त्याखालचे पाणी ती ओढूच शकत नव्हती, मग माणसाचे लक्ष असो वा नसो. दुसरे टोक थेट मोरीत. पिंपातून टाकीत येणारी नळीही तशीच पक्की. आता नळी शोधायला नको, धरून उभे राहायला नको, पुसायला काही सांडायला नको.

दोन्ही नळ्यांना एकेक पंप जोडला, त्यांचे दोन खटके तेवढे राहिले. ते काकांनी माईंच्या उशाशी, हात लांबवला की पोचेल अशा उंचीवर बसवून घेतले.

चार दिवसांनंतरची मधली फेरी काकांनी स्वतः करून दाखवली होती. त्यानंतर मासा तळ सोडून मध्यावर पोहू लागला होता, पण समुद्रफूल अजून मिटलेलेच होते. गुरुवार उजाडला. महानंदाने सवयीने पदर खोचला आणि टाकीशी येऊन उभी राहिली. काकांनी तिला बाजूला व्हायला सांगितले.

"माई, वरचा दाबा."

माईंनी बोट खटक्यापर्यंत नेले. "अहो, माझ्या हातून काही चुकलं तर? आधीच एक आजारी आहे."

"चुकायला जागाच ठेवलेली नाही. दाबा."

माईंनी खटका दाबला. मोरीत पाण्याची धार पडू लागली. टाकीतले पाणी बोट बोट उतरले. मग नळी रिकाम्या होत आलेल्या तांब्यासारखी गुरगुरली.

"ऐकलंत? संपलं म्हणते आहे. आता तो बंद, आणि खालचा चालू."

खालचा खटका दाबताच नवे पाणी अगदी शांतपणे, एकाही माशाला न दचकवता, काचेवर चढत गेले. पातळी जुन्या खुणेला टेकली तेव्हा घड्याळाचा मोठा काटा पुरती दोन घरेही सरकला नव्हता. महानंदा रिकाम्या हातांनी उभी होती. त्या हातांचे आता काय करावे, ते तिला समजेना.

माईंनी खटका बंद केला, पण बोट त्याच्यावरून काढले नाही.

"तीन वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "पाणी माझ्या तोंडाशी कुणीतरी आणून लावायचं. आज मी कुणाला तरी दिलं."

काकांनी स्टूल उचलून भिंतीशी ठेवले, पायात चपला घातल्या आणि ते व्यापाऱ्याबरोबर जिना उतरून गेले.

"आणि तू उभी काय राहिलीस?" माई सुनेला म्हणाल्या. "दहा वाजताहेत. जा, खाऊन घे काहीतरी."

महानंदा गेली नाही. ती पलंगाच्या कडेला माईंच्या पायांशी बसली. ही टाकी घरात आल्यापासून तिने काच पुसली होती, पाणी ओतले होते, माशांना वेळेवर खाऊ घातले होते. पण त्यांच्याकडे नुसते पाहत अशी ती आज प्रथमच बसली. बऱ्याच वेळाने समुद्रफुलाचे एक बोट सैल पडले, मग दुसरे. आजारी मासा वळला, जरा घुटमळला आणि त्या बोटांत शिरला.

"दिसला का गं?" माईंनी हळूच विचारले.

"दिसला, माई," महानंदा म्हणाली.