समोरचे घर

वाहनांनी गजबजलेल्या एका शहरात एक वृद्ध नगररचनाकार राहत असत. लोक त्यांना टिपणीस सर म्हणून ओळखत. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी महत्त्वाच्या आराखड्यांवर महापालिका त्यांचे मत घेत असे. शलाका ही त्यांची एकेकाळची विद्यार्थिनी. आता ती महापालिकेत रस्त्यांची कामे पाहत होती, आणि त्या दिवशी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

सरांच्या घरासमोरून जाणारा हमरस्ता रुंद आणि सुशोभित करण्याचा आराखडा तिने तयार केला होता. दुसऱ्या दिवशी तो आयुक्तांपुढे मांडायचा होता. दुभाजकावर आणखी हिरवळ, कारंजी, ओळीने शोभेचे ताड, आणि पादचाऱ्यांसाठी उंच पूल. चित्रांत सारे देखणे दिसत होते. तरीही आठवडाभर काहीतरी सलत होते, आणि काय सलते आहे तेच उमगत नव्हते. सरांनी एकदा 'ठीक आहे' म्हटले की मन शांत होईल, या आशेने ती ऐन वैशाखात, भर दुपारी त्यांच्या दारात येऊन उभी राहिली.

सरांनी आराखड्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ते जेवणाची ताटे मांडत होते.

"बरी आलीस," ते म्हणाले. "आधी एक काम कर. समोरच्या इमारतीत माझी थोरली बहीण राहते, अक्का. तिला जेवायला घेऊन ये."

शलाकाने पर्समधून किल्ली काढली.

"गाडी नको. चालत जा आणि तिला चालतच घेऊन ये."

"सर, उद्या बैठक आहे. निदान एकदा नजर तरी..."

"जेवणानंतर."

मनातल्या मनात चरफडत ती खाली उतरली. समोरचे घर हाकेच्या अंतरावर होते, पण मध्ये वाहनांचा लोंढा अखंड वाहत होता. दुभाजकाची जाळी एका जागी कोणीतरी वाकवली होती. संधी साधून ती धावली, फटीतून पलीकडे गेली, पुन्हा धावली. पोहोचली तेव्हा छाती धडधडत होती.

अक्का ऐंशीच्या घरातल्या. निरोप ऐकताच त्यांचा चेहरा उजळला. "दत्तूनं बोलावलंय? अगं, दिवाळीत गेले होते त्याच्याकडे. भाच्यानं गाडीनं नेलं. पार तिकडे लांबच्या उड्डाणपुलाखालून वळून येईस्तोवर भाजी निवली." त्यांनी लगबगीने साडी बदलली, काठी घेतली, आणि दोघी निघाल्या.

पदपथ थोडाच वेळ सोबतीला होता. पुढे विजेचे रोहित्र आडवे आले, त्यापुढे उभ्या केलेल्या दुचाकी. खाली रस्त्यावर उतरावे लागले. मागून येणाऱ्या प्रत्येक हॉर्नला अक्का दचकत होत्या. सावली कुठेही नव्हती; कडेची जुनी झाडे मागच्या रुंदीकरणात गेली होती. शलाका म्हणाली, "अक्का, परत जाऊ या का?" अक्का म्हणाल्या, "आता निघालोय तर जाऊच."

जाळीच्या फटीसमोर येऊन, वाहने जरा विरळ होताच दोघी अर्धा रस्ता ओलांडून दुभाजकावर चढल्या. तिथल्या हिरवळीला टँकरने नुकतेच पाणी दिले होते. ओल्या गवतावर अक्कांचा पाय सटकला. शलाकाने त्यांना दोन्ही हातांनी धरले, म्हणून त्या रस्त्यावर पडल्या नाहीत. त्याच क्षणी एक बस अंगावरून गेल्यासारखी सुसाट निघून गेली.

दोघी तिथेच अडकल्या. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. अक्कांची बोटे शलाकाच्या मनगटात रुतली होती. समोरच्या गॅलरीत सर उभे होते, कठडा घट्ट धरून.

"मला घरी सोड गं," अक्का हळूच म्हणाल्या. भावाकडे पाहून त्यांनी हात हलवला आणि तोंड फिरवले.

वाहने विरळ होताच त्यांना मागे घरी पोहोचवून शलाका परतली ती संतापानेच. "तुम्हाला ठाऊक होतं, सर! अक्कांना काही झालं असतं तर?"

सरांचा चेहरा पांढरा पडला होता. "मला वाटलं होतं, ती पदपथावरूनच मागे फिरेल. इतकी पुढे येईल असं वाटलं नव्हतं. माझं चुकलंच." ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "आता आराखडा उघड. यात अक्का कुठे आहे ते दाखव मला."

शलाकाने कागद पसरले. मोटारी होत्या, बसगाड्या होत्या, कारंज्याभोवती नटलेली माणसेही होती.

"तिच्यासाठी पूल आहे," ती म्हणाली. पण पुलाच्या उंच पायऱ्या तिच्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या, आणि तिचा आवाज खाली गेला.

सर शांतपणे म्हणाले, "रस्त्यावरून किती वाहनं जातात, ते आपण मोजतो. जी माणसं रस्ता ओलांडता येत नाही म्हणून घरातच बसली, त्यांची मोजदाद कोण करणार? ती रस्त्यावर दिसत नाहीत; म्हणून आपण म्हणतो, इथे कोणी चालत नाही. आणि मग न चालणाऱ्यांसाठी रस्ता बांधतो. ही हिरवळ टँकरचं पाणी पिते, पण सावली कोणाला देते? झाडाची जागा चालणाऱ्याच्या डोक्यावर आहे, शलाका. दुभाजकावर नाही."

त्या दुपारी जेवण कोणालाच गेले नाही.

दुसऱ्या दिवशी बैठकीत शलाकाने सांगितले की आराखडा तयार नाही. आयुक्त चिडले. तिने एकच मागणी केली: रुंदीकरणाआधी सरांच्या घरासमोर एका ठिकाणी रस्ता अरुंद करून, पदपथाच्या उंचीचा ओलांडमार्ग आणि सिग्नल द्यावा, कडेला कडुनिंब, करंज लावावेत आणि पावसाचे पाणी गटारात न सोडता त्यांच्या आळ्यांत वळवावे.

बैठकीला आलेले व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी हसले. "मॅडम, तिथे चालतंच कोण?"

"कोणी चालत नाही, कारण चालता येत नाही," ती म्हणाली, आणि आदल्या दिवशी दुभाजकावर काय घडले ते सांगितले. पुष्कळ वाद होऊन केवळ प्रयोग म्हणून परवानगी मिळाली.

पावसाळ्यात रोपे लागली, ओलांडमार्ग खुला झाला. पहिल्याच आठवड्यात अक्का भावाकडे जेवून गेल्या.

एका संध्याकाळी शलाका तिथे जाऊन उभी राहिली. सिग्नल लाल झाला, वाहने थांबली. चाकाच्या खुर्चीतला एक तरुण स्वतःच चाके फिरवीत पलीकडे गेला. बाबागाडी ढकलणारी आई आली. एकमेकांचा हात धरलेले एक अंध जोडपे आले. दुधाची पिशवी घेऊन चपला फटफटवीत एक गृहस्थ आले. इतके दिवस ही माणसे कुठे होती, असे तिच्या मनात आले. आणि लगेच लक्षात आले की ती कुठूनही नव्याने आलेली नव्हती. ती इथेच होती.

पुढच्या चौकात अजून जाळीच होती. शलाका तिकडे चालू लागली.